निर्वासितांच्या मदतीचा पैसा कायद्याने अडवणे: पोराला अनुकूल बाजू आली आहे, कुणीतरी उलगडून सांगा

कारेलीबागकरीण, मंगळवार रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, कारेलीबागेत राहते. मुलगा नववीत आहे. येत्या शनिवारी शाळेत वादविवाद आहे आणि विषय असा: "दहशतवादाचा संशय असेल तर आंतरराष्ट्रीय निर्वासित मदतीचा सरकारी पैसा कायद्याने रोखावा." चिठ्ठी उचलली तर याच्या वाट्याला अनुकूल बाजू आली. मागच्या वर्षी "मोबाइल: शाप की वरदान" होतं, ते आम्ही दोघांनी भाजी निवडता निवडता लिहून काढलं होतं. यंदा तीन दिवस झाले, वहीत एकच वाक्य आहे आणि तेही खोडलेलं.

बोलायचंय इंग्रजीत, पण मला आधी मराठीत कळलं तर मी त्याला समजावणार ना. बातम्या वाचून एवढं कळलं की पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांची एक संस्था आहे, तिच्या काही माणसांवर, गाझावर राज्य करणाऱ्या हमास या संघटनेने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सामील असल्याचा आरोप झाला आणि अमेरिकेने कायदा करून तिचा पैसा थांबवला. पण आकडे जुळत नाहीत. एके ठिकाणी १२ माणसं, दुसरीकडे १९, तिसरीकडे ९. कायदा कुणी अमेरिकेचा म्हणतं, कुणी इस्रायलचा. एकच आहे की दोन?

घरात विचारायची सोय नाही. सासऱ्यांचं म्हणणं, पैसा कुठे जातो ते कळत नसेल तर दमडी देऊ नये, आणि तिथून गाडी थेट सोसायटीच्या मेंटेनन्सवर जाते. नवरा म्हणतो, जेवण तोडून कोणाचा दहशतवाद थांबलाय? मग दोघं टीव्ही लावतात.

खरी अडचण वेगळीच आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. दोन रात्री वरच्यांकडे काढल्या. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून कुणीतरी खिचडीची पाकिटं आणि दुधाच्या पिशव्या आणल्या. कोणाची संस्था, कोणाचा पैसा, आम्ही एकानेही विचारलं नाही. हात पुढे केला आणि घेतलं. पोराला ते पक्कं आठवतंय. म्हणतो, "आई, मी उभा राहून कसं सांगू की बंद करा म्हणून?"

बाजू बदलून मिळणार नाही. तर कुणी जाणकार सांगेल का, की नक्की काय बंद केलं, कशाच्या जोरावर, आणि अनुकूल बाजूने मनाला न फसवता काय बोलता येईल? आपल्याकडच्या पक्षांना यात ओढू नका, एवढी विनंती.


रोखठोक_रावपुरा, मंगळवार रात्री ११:०५

यात उलगडायचं काय आहे? घरात चोर शिरलाय हे कळल्यावर आपण त्याला चहा पाजत नाही. ज्या संस्थेची माणसं हल्ल्यात होती तिला पैसा का द्यायचा? विषय संपला. मुलाला सांगा, दोन मिनिटांत बोल आणि खाली बस. बक्षीस नक्की.


जमाखर्च, बुधवार सकाळी ६:२०

ताई, रावपुऱ्याच्या मित्रांचं दोन मिनिटांत होतं, मला जरा जास्त वेळ लागेल. मी दांडिया बाजारात राहतो. बावीस वर्षं एका ट्रस्टचे हिशेब लिहिले, त्यातला निम्म्याहून अधिक पैसा परदेशातून यायचा. राजकारण मला कळत नाही, व्हाउचर कळतं. तेवढ्यावर सांगतो.

आधी संस्था. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून 'उन्रवा' म्हणतात. डिसेंबर १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव ३०२ करून ती उभी केली, काम १ मे १९५० ला सुरू झालं. हंगामी म्हणून. सिव्हिल इस्पितळाबाहेरच्या तात्पुरत्या शेडसारखं तिचं झालंय, दर काही वर्षांनी मुदत वाढते आणि पंचाहत्तर वर्षं उलटली. तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास माणसं होती, आता नोंद सुमारे ५९ लाखांची आहे: जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा (वेस्ट बँक) आणि गाझा मिळून. कर्मचारी तीस हजारांच्या घरात, त्यातले तेरा हजार एकट्या गाझात, आणि जवळजवळ सगळे स्वतःच निर्वासित. सर्वांत मोठा वर्ग शिक्षकांचा. युद्धाआधी सातशेवर शाळा आणि पाच लाखांवर मुलं होती. म्हणजे पिठाची पोती वाटणारी संस्था अशी जी आपली समजूत असते ती अर्धीच खरी. हे मुख्यतः शाळाखातं आणि दवाखानाखातं आहे. याचा हिशेबाशी संबंध आहे, पुढे येतो.

पैसा कोण देतं? संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या तिजोरीतून अगदी थोडा. बाकी सगळा देशांनी खुशीने दिलेला, आणि त्यात अमेरिका वर्षानुवर्षं सर्वांत वर असायची. २०२२ मध्ये एकट्या अमेरिकेचे ३४ कोटी डॉलर होते. ती थांबली की पगारपत्रक थांबतं.

आता तुमच्या चिरंजीवांच्या विषयातला 'रोखणे' हा शब्द. सगळा घोळ तिथे आहे. अमेरिकेच्या १९६१ च्या परदेशी मदत कायद्यात ३०१(सी) म्हणून एक कलम आहे. उन्रवाला पैसा द्यायचा तर तिने शक्य ते सर्व उपाय करून खात्री करावी की त्यातला कुठलाही भाग गनिमी संघटनेत लष्करी शिक्षण घेणाऱ्या किंवा दहशतवादी कृत्य केलेल्या निर्वासिताच्या मदतीला जाणार नाही. जुनं कलम आहे, त्यात 'पॅलेस्टाइन लिबरेशन आर्मी'चं नाव आहे, हमास तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ही झाली अट. पैसा द्या, पण असा द्या.

मग २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने सगळाच पैसा बंद केला. त्यासाठी कायदा केला नाही, सरकारनेच ठरवलं. २०२१ मध्ये बायडन सरकारने तितक्याच सहजपणे तो पुन्हा सुरू केला. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलने बारा कर्मचाऱ्यांची नावं दिली की हे ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात होते. त्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशे ओलीस नेली. आरोप किरकोळ नव्हता. आठवड्याभरात सोळा देणगीदारांनी हात आखडला, सुमारे ४५ कोटी डॉलर अडकले. हा झाला तात्पुरता थांबा. आणि मग मार्च २०२४ मध्ये अमेरिकी संसदेने खर्चाच्या मोठ्या विधेयकातच कलम घातलं की २५ मार्च २०२५ पर्यंत या संस्थेला एक डॉलरही जाणार नाही. ही बंदी. इथे राष्ट्राध्यक्षाला मनात आलं तरी पैसा सोडता येत नाही. मुदत संपायच्या आधीच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुन्हा ट्रम्प यांचा आदेश आला आणि दार बंदच राहिलं.

इस्रायलचा कायदा निराळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेने दोन कायदे केले, ३० जानेवारी २०२५ पासून लागू. त्यात पैशाचा प्रश्न नव्हता. आपल्या सार्वभौम भूमीवर संस्थेने काम करायचं नाही आणि आपल्या अधिकाऱ्यांनी तिच्याशी संपर्क ठेवायचा नाही, असं ते आहे. अधिकारी फोनच उचलणार नसेल तर नाक्यावर ट्रक सुटणार कसा, हे तुम्हीच ठरवा.

तुमचे आकडे: आधी १२ नावं, पुढे आणखी सात, एकूण १९. संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत तपास विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला. एकाविरुद्ध काहीच सापडलं नाही. नऊ जणांबद्दल पुरावा अपुरा. उरलेल्या नऊ जणांबद्दल, पुरावा खरा ठरला तर ते सामील असू शकतील असं निघालं, आणि त्यांना काढून टाकलं. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे.

याच्या आधी, एप्रिल २०२४ मध्ये, फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांनी संस्थेच्या निःपक्षपणाची तपासणी केली होती. मी ऑडिटच्या सवयीने वाचलं. नियम चांगले आहेत, अशा इतर संस्थांपेक्षाही पुढचे, असं त्यात म्हटलंय. आणि दोषही दिलेत: कर्मचारी उघडपणे राजकीय मतं मांडतात, काही पाठ्यपुस्तकांत आक्षेपार्ह मजकूर, कर्मचारी संघटना राजकारणात बुडालेल्या. पण मी थबकलो ते एका ओळीवर. संस्था दरवर्षी आपल्या कर्मचाऱ्यांची यादी इस्रायलला देते, आणि २०११ पासून त्या यादीवर एकाही नावाबद्दल हरकत आलेली नव्हती.

आक्षेप आला नाही म्हणजे दोष नव्हता असं होत नाही. मी स्वतः दोनदा अशी बिलं पास केलीत ज्यांवर कुणीच हरकत घेतली नव्हती आणि ती खोटी निघाली. पण तेरा वर्षं यादी फाइलला लावून ठेवायची आणि मग एका दिवशी पूर्ण ग्रँट बंद करायची, ही तपासणी म्हणायची तर माझी नोकरी फुकट गेली.

मुलाला माझा सल्ला: पहिल्याच वाक्यात 'रोखणे'ची व्याख्या कर. अटीच्या कायद्याच्या बाजूने छातीठोक बोल.


तरसालीकर_टोरंटो, बुधवार संध्याकाळी ७:१५

मी मूळ तरसालीचा, अकरा वर्षं कॅनडात. जमाखर्चकाकांनी माहिती चोख दिली, पण अनुकूल बाजू त्यांनी शेवटच्या दोन ओळींत उरकली. ती मी मांडतो, कारण मला ती पटते.

खिचडीचा दाखला हृदयाला भिडतो. पण ताई, तुमच्या गल्लीत ट्रॅक्टर आणणाऱ्यांपैकी कुणावर हत्याकांडाचा आरोप नव्हता. पाकिटं चोरीला गेली असती तर ती चोरी. इथे आरोप असा की पगार घेणारा माणूस सकाळी जीपमधून माणसं मारायला गेला. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजू नका.

बारा-नऊच्या पलीकडे बघा. लेबनॉनमध्ये उन्रवाच्या शिक्षक संघटनेचा प्रमुख होता. मार्च २०२४ मध्ये संस्थेने त्याला बिनपगारी रजेवर पाठवलं, सप्टेंबरअखेर तो इस्रायली हल्ल्यात मारला गेला, आणि हमासने स्वतः जाहीर केलं की तो आमचा लेबनॉनमधला नेता होता. म्हणजे हमासचा एका देशातला प्रमुख संयुक्त राष्ट्रांच्या शाळेत नोकरीला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाझा शहरातल्या मुख्यालयाखाली इस्रायली सैन्याने भुयार आणि त्यातली संगणकयंत्रणा पत्रकारांना दाखवली. संस्थाप्रमुख फिलिप लाझारिनी म्हणाले, आम्हाला माहीत नव्हतं, १२ ऑक्टोबरलाच आम्ही इमारत सोडली होती. असेल. पण काका, तुमच्या ट्रस्टच्या गोदामाखाली असं काही निघालं असतं आणि तुम्ही "माहीत नव्हतं" म्हणाला असता, तर कोणत्या देणगीदाराने पुढचा हप्ता पाठवला असता?

आणि अजून एक, जे व्हाउचरवर दिसत नाही. गाझाच्या शाळा आणि दवाखाने दुसरं कुणी चालवतं, म्हणून हमासला ते चालवावे लागत नाहीत. वाचलेला पैसा आणि सिमेंट कुठे गेलं ते जगाने पाहिलंय.

कायद्याचं म्हणाल तर मला कायदाच बरा वाटतो. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये पैसा थांबवला आणि ८ मार्चला पुन्हा सोडला. दोन्ही वेळा मंत्र्यांनी नुसतं पत्रक काढलं. माझ्या टॅक्सचा पैसा, आणि मला सकाळच्या बातम्यांत कळतं. अमेरिकेत निदान मतदान झालं, तारीख ठरली, कोण कुठल्या बाजूला होतं ते नोंदलं गेलं. मुलाला हा मुद्दा घेऊ दे: थांबवायचंच असेल तर उघड्यावर, मुदत लिहून थांबवा.


राज्यशास्त्र_टीवाय, बुधवार रात्री ९:५०

सयाजीगंजला राहतो, युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे. दोन गोष्टी, एक एका बाजूची, एक दुसऱ्या.

सोमालिया. २००८ मध्ये अमेरिकेने तिथल्या अल-शबाब या सशस्त्र गटाला दहशतवादी यादीत टाकलं. दक्षिण सोमालिया त्यांच्याच ताब्यात. तिथे धान्य न्यायचं तर नाक्यावर त्यांना काहीतरी द्यावं लागणार, आणि ते दिलं की अमेरिकी कायद्याने तो गुन्हा. अमेरिकी मदत झपाट्याने आटली. (अल-शबाबनेही मदतसंस्थांना हाकललं, ते विसरून चालणार नाही, आणि दुष्काळ तर होताच.) जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अधिकृतपणे उपासमार जाहीर केली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने नियम सैल केले. नंतरच्या अभ्यासात मृतांचा अंदाज सुमारे २ लाख ५८ हजार निघाला, निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलाच्या कामाची. असं पुन्हा होऊ नये म्हणून ९ डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ केला: निर्बंधांच्या यादीत कोणीही असो, मानवतावादी मदत पोचवणं निर्बंधांचं उल्लंघन धरू नये. पंधरापैकी चौदा मतं बाजूने. तटस्थ राहिलेला एकमेव देश भारत, आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही आपल्याकडेच होतं. आपल्या तेव्हाच्या प्रतिनिधी रुचिरा कंबोज यांचं म्हणणं असं होतं की आमच्या शेजारात यादीतल्या दहशतवादी संघटनांनी मदतसंस्थेचं सोंग घेऊन अशा सवलतींचा फायदा उचलला आहे. २००५ च्या काश्मीर भूकंपात, लष्कर-ए-तय्यबाचाच मुखवटा मानल्या जाणाऱ्या जमात-उद-दावाच्या मदतछावण्या आठवा. ही शंका आपण अमेरिकेकडून उसनी घेतलेली नाही.


कारेलीबागकरीण, गुरुवार दुपारी ३:३०

बापरे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. काल रात्री दोघं बसलो, वहीची चार पानं भरली. टोरंटोवाल्या दादांचा भुयाराचा मुद्दा त्याला फार आवडला, आणि सोमालियाचा आकडा वाचून पुन्हा गप्प झाला.

एक शंका राहिली. भारत यात काही देतो का? आणि काका, परदेशी देणगीदार दहशतवादाची तपासणी करतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? त्याला विचारलं तर त्याने सांगावं काय?


जमाखर्च, गुरुवार रात्री ८:४५

देतो. आधी वर्षाला साडेबारा लाख डॉलर द्यायचा, २०१८ मध्ये, म्हणजे अमेरिकेने हात काढला त्याच वर्षी, ते ५० लाख केले. आजच्या भावाने चाळीस कोटी रुपयांहून जास्त. वादळ चालू असताना जुलै २०२४ मध्येही आपण २५ लाखांचा पहिला हप्ता वेळेवर पाठवला. म्हणजे ठराव २६६४ वर तटस्थ राहणारा देश उन्रवाला पैसाही देतो. यात मला विसंगती दिसत नाही. सवलत सरसकट नको, पैसा मात्र ओळखीच्या खात्यात, असा तो हिशेब असावा. हा माझा अंदाज, परराष्ट्र खात्याने मला विचारून ठरवलेलं नाही.

टोरंटोकरांचा गोदामाचा प्रश्न योग्य आहे. हप्ता कुणी पाठवला नसता. पण "वाचलेला पैसा भुयारात गेला" हा मुद्दा मी मुलाला देणार नाही. तो खरा असला तर जगातल्या प्रत्येक मदतीला लागू आहे. पुराची खिचडी मिळाली म्हणून कुणाचे दोनशे रुपये वाचले आणि त्याने त्याची दारू आणली, तर खिचडी वाटणारा दारूवाला होत नाही.

आता प्रत्यक्षात काय करतात. ११ सप्टेंबरनंतर दोन आठवड्यांच्या आत अमेरिकेत १३२२४ क्रमांकाचा आदेश निघाला. दहशतवादाला पैसा पुरवणाऱ्यांची मालमत्ता गोठवायचा. मला तो क्रमांक पाठ आहे, कारण पुढे आमच्या एका अमेरिकी देणगीदाराच्या करारात तो छापून येऊ लागला. आम्ही ज्याला ज्याला पैसा देऊ, संस्था असो की दुकानदार, त्याचं नाव अमेरिकी अर्थखात्याच्या यादीशी ताडून पाहायचं आणि सही करून कळवायचं.

२००४ सालची गोष्ट. आदिवासी पट्ट्यातल्या शाळांसाठी ३४० दप्तरं शिवून घ्यायची होती. पाणीगेटच्या एका कारागिराचं काम मी आधीपासून ओळखत होतो, दुहेरी शिलाई, पट्ट्याला चामडं. त्यांना ऑर्डर दिली. माल वेळेवर आला. मग यादी ताडली तर त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव यादीतल्या कुठल्यातरी माणसाशी जुळलं. यादीतला माणूस भलत्याच देशातला. पण संगणकावर लाल ओळ आली म्हणजे आली. देणगीदाराने कळवलं, खुलासा होईपर्यंत पैसे देऊ नका, आणि कारण त्या व्यक्तीला सांगू नका.

अकरा आठवडे गेले. ते दर शुक्रवारी नमाजानंतर ऑफिसात यायचे, बाकावर बसायचे, मी चहा मागवायचो. कापडवाल्याचं देणं थकलंय म्हणायचे. मी "वरून सही यायचीय" म्हणायचो. त्यांना वाटत असावं की मला काहीतरी हवंय. एकदा जाताना त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं, मी परत दिलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी पासपोर्टची आणि जन्माच्या दाखल्याची प्रत पाठवून सुटका झाली, पूर्ण पैसे दिले. पुढच्या वर्षी पुन्हा दप्तरं करायची होती. मी ऑर्डर वाघोडियाच्या दुसऱ्या माणसाला दिली. यादीत काही अडचण उरली नव्हती. फॉर्म पुन्हा भरायचा कंटाळा, एवढंच. शिलाई वाईट होती.

आपल्याकडचा परदेशी देणग्यांचा कायदाही तपासणीतला. १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० मध्ये नवा झाला, सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती: सगळा परदेशी पैसा आधी दिल्लीला स्टेट बँकेच्या एकाच शाखेत, प्रशासनाचा खर्च निम्म्यावरून २० टक्क्यांवर, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद. हिशेबनीस म्हणून पहिलं मला आवडलं, एकाच खात्यामुळे माग काढणं सोपं. तिसऱ्यामुळे दाहोदकडच्या दोन लहान संस्था, ज्यांना आम्ही पुढे पैसा द्यायचो, बसल्या. त्यांच्यात दहशतवादी कोणी नव्हतं. त्यांच्यात संगणक चालवणारंही कोणी नव्हतं, म्हणून तर आमच्या मार्फत घ्यायच्या.


वारसियाचा_शेजारी, शुक्रवार सकाळी ८:१०

आमच्या वारसियात फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींची घरं आहेत, आम्ही मराठी चारच. पलीकडचे आजोबा सिंधमधून आले तेव्हा सात वर्षांचे होते. नातू पुण्यात इंजिनियर आहे, त्याला निर्वासित म्हटलं तर तो हसेल. म्हणून अनुकूल बाजूवाले नेहमी विचारतात ते मलाही पडायचं: आजोबा निर्वासित, बाप निर्वासित, नातूही निर्वासित, हे कसं? उन्रवाच्या व्याख्येत जून १९४६ ते मे १९४८ या काळात पॅलेस्टाइनमध्ये राहणारे आणि १९४८ च्या युद्धात घर नि रोजगार गमावलेले, आणि त्यांच्यातल्या पुरुषांचे वंशजही येतात. म्हणूनच साडेसात लाखांचे ५९ लाख.

मी आजोबांनाच विचारलं. ते म्हणाले, मला १९४७ नंतर रेशनकार्ड, मत आणि दुकानाचा गाळा मिळाला, नातू निर्वासित राहील कशाला? जॉर्डनने बहुतेकांना नागरिकत्व दिलं, तरी नोंदवहीत नाव आहे, हा टीकाकारांचा मुद्दा रास्त. लेबनॉनने दिलं नाही, तिथे कित्येक नोकऱ्याही त्यांना बंद. आणि संयुक्त राष्ट्रांची जी दुसरी, सगळ्या जगाची निर्वासित संस्था आहे, तीही पाकिस्तानातल्या अफगाणांच्या मुलांना-नातवंडांना निर्वासितच धरते. मुलाने हा मुद्दा घेतला तर समोरचा हेच विचारेल, तयारी ठेवा.

आजोबांना मी हेही विचारलं की तुमच्या छावणीत कोणी दंगेखोर नव्हते? म्हणाले, होते की. सगळ्यांना माहीत होते. रांगेत आमच्या पुढेच उभे असायचे.


कारेलीबागकरीण, रविवार सकाळी १०:००

कळवायचं राहिलं होतं. काल झाली स्पर्धा. काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी व्याख्या केली, मग टोरंटोवाल्या दादांचा 'मुदत लिहून, उघड्यावर' हा मुद्दा, मग ठराव २६६४ आणि भारत एकटा तटस्थ. तिथे टाळ्या पडल्या. परीक्षकांनी विचारलं, मग तुझा कायदा बंदी घालतो की नाही? हा म्हणाला, माझा कायदा चौकशी लावतो, पैसे रोखून धरतो आणि अकरा आठवड्यांच्या आत निकाल द्यायला लावतो. अकराच का, तर म्हणे काकांच्या दप्तरवाल्यांना तेवढे लागले म्हणून, त्याहून जास्त कुणाला लागू नयेत. परीक्षकांनी शेरा दिला: विषयापासून भरकटला. पहिला नंबर प्रतिकूलमधल्या मुलीचा, याचा तिसरा. सासरे म्हणाले चौकशी बरोबर, नवरा म्हणाला तिसरा नंबर कमी आहे. घरात शांतता आहे.

काका, तो विचारतोय, ते दप्तरवाले अजून आहेत का?


जमाखर्च, रविवार सकाळी १०:४०

अकरा आठवडे मुदत म्हणून चालणार नाहीत, त्याला सांगा. कापडवाला तीस दिवस थांबतो.

दुकान आहे. मुलगा चालवतो, आता ट्रॉली बॅगांच्या चेन बसवतो. मी दोनदा गेलोय. त्याने ओळखलं नाही.